मीटिंग कुठे भरते, हे विचारायचं कसं?

वाचकाचं पत्र:

ताई, माझं वय ४१. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, माग दुरुस्त करतो. पंधरा-सोळा वर्षं पितोय. आता सकाळी दोन घोट गेल्याशिवाय हातात पाना ठरत नाही. गेल्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. चार महिने चांगले गेले, मग मेव्हण्याच्या वरातीत घेतली आणि परत तेच. दिवाळीनंतर मनाशी ठरवून एकदम बंद केली, तर दुसऱ्या दिवशी फिट आली. आई म्हणते, पंढरपूरला जाऊन माळ घाल. बायको विड्या वळते. तिनं कुठूनतरी पावडर आणून माझ्या भाजीत घातली होती, उलट्या झाल्यावर मला कळलं. एकदा तिच्यावर हातही उचललाय, त्याची लाज वाटते. केंद्रात एकानं सांगितलं होतं की एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे गट) मीटिंगला जात जा. सोलापुरात ती कुठे भरते? चार जणांना विचारत सुटलो तर सगळ्या पूर्व भागात बोंब होईल. मालकाच्या कानावर गेलं तर? मला चारचौघांत बोलता येत नाही, घरी आम्ही तेलुगू बोलतो. आणि प्यालेला माणूस आला तर हाकलून देतात का? नाव छापू नका.

उत्तर:

भाऊ,

तुम्ही विचारलंत मीटिंगबद्दल आणि फिटची गोष्ट मध्येच एका वाक्यात उरकलीत. मला मात्र तिथूनच सुरुवात करावी लागेल, कारण ती फिट परत आली तर मीटिंगचा पत्ता खिशात असून काही उपयोग नाही.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देता देता कायम जास्त जोरानं चालायला शिकतो. दारू अचानक तुटली की गुंगी जाते, पण तो जोर तसाच राहतो. सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, पोटात ढवळतं. तुमचे हात सकाळी कापतात ते त्यामुळेच, रात्रीची उतरलेली असते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काही जणांना भास होतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत याचं भान सुटतं. ही अवस्था उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेतते. आणि ज्याला एकदा अशी फिट येऊन गेली, त्याला पुढच्या वेळी सोडतानाही ती येण्याचा धोका जास्त असतो.

म्हणून घरी बसून, दात-ओठ खाऊन, एकदम बंद करायची नाही. याचा अर्थ पुढे चालू ठेवा असा काढू नका. बंद करायचीच, पण डॉक्टरांच्या हाताखाली, आणि याच आठवड्यात.

सिव्हिल हॉस्पिटलला जा. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं ते रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी असते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, बायकोला सोबत न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी न लपवता सांगा: रोज किती घेता, शेवटची कधी घेतली आणि दिवाळीनंतर फिट आली होती. पिणारी माणसं डॉक्टरांना निम्मंच सांगतात, हे मी समुपदेशनाच्या कामात इतकं पाहिलंय की तुम्हालाही सांगून ठेवते. निम्मं सांगितलंत तर औषधही निम्म्याच्या हिशेबानं मिळेल. अंगातली दारू उतरेपर्यंतचे काही दिवस गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत, फिट टाळता येते. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही देतात, कारण दारूमुळे ते शरीरात फार कमी पडतं आणि त्याचा फटका थेट मेंदूला बसतो. तुमची फिटची हकीकत ऐकून डॉक्टर दाखल व्हायला सांगतील, अशी तयारी ठेवा. मधल्या काळात घरी पुन्हा फिट आली, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कांदा-चप्पल हुंगवत बसू नये. कुशीवर वळवून झोपवावं, तोंडात काही घालू नये आणि १०८ ला फोन लावावा. हे बायकोलाही वाचून दाखवा.

एए म्हणजे दवाखाना नाही. तिथे डॉक्टर नसतो, औषध मिळत नाही. शरीरातून दारू काढण्याचं काम रुग्णालयाचं आणि ती परत आत जाऊ नये म्हणून रोज पाठीशी उभं राहण्याचं काम मीटिंगचं. तुमच्याबाबतीत केंद्रानं पहिलं काम केलं, दुसरं करायला कुणी नव्हतं. चार महिने तुम्ही एकट्यानं काढलेत आणि वरात आली. यात तुमचं मन कमकुवत होतं असं मला मुळीच वाटत नाही. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळाल्याचं दिसलं होतं. तुम्ही केंद्रात जाऊन आलात, म्हणजे त्या अडतिसांतले ते एक आहात. हे कमी नाही.

आता मीटिंग कुठे भरते ते.

पत्ता मी इथे छापत नाही, मुद्दाम. एएचे गट स्वतःच्या इमारती बांधत नाहीत. कुठे शाळेची खोली, कुठे चर्चचा हॉल, कुठे एखाद्या संस्थेची रिकामी जागा, अशा उसन्या जागेत जमतात. जागा बदलते, वार बदलतो, वेळ बदलते. छापलेला जुना पत्ता घेऊन कुणी धीर करून गेलं आणि दाराला कुलूप दिसलं, तर तो माणूस दुसऱ्यांदा घराबाहेर पडत नाही. त्यापेक्षा त्या आठवड्याची ताजी माहिती घ्या, आणि ती मिळवायला पूर्व भागात कुणाला तोंड दाखवायची गरज नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या भारतातल्या अधिकृत संकेतस्थळावर शहराप्रमाणे मीटिंगांची माहिती आणि मदतीचे फोन असतात. मुलगा-मुलगी शाळेत असतील तर तेही मोबाईलवर दोन मिनिटांत शोधून देतील, पण तुम्हाला ते नको असेल तर बायकोला सांगा. दुसरा मार्ग १४४४६. ही केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत. तिथे उपचारांची आणि जवळच्या केंद्रांची माहिती मिळते. तिसरा मार्ग सिव्हिलमधलाच: मानसोपचार विभागात समाजसेवक असतात. शहरात कोणता गट कधी जमतो हे त्यांना सहसा माहीत असतं, कारण पेशंट पाठवायचं काम तेच करतात. ओपीडीतून निघण्याआधी त्यांना गाठा. आणि ज्या केंद्रात तुम्ही राहून आलात, तिथल्या समुपदेशकांना फोन करायला लाजू नका. परत प्यायलो हे सांगायची शरम वाटते, मला कळतं. पण परत पिऊन पुन्हा आलेली माणसं त्यांनी तुमच्याआधी कितीतरी पाहिली आहेत.

फोन लागला की काय बोलायचं यावर बरेच जण अडतात आणि कट करतात. एवढं म्हटलं तरी पुरतं: “मी सोलापुरातून बोलतोय. मला दारू थांबवायची आहे. या आठवड्यात मीटिंग कुठे आणि किती वाजता आहे? मी नवीन आहे, दारात कुणी भेटेल का?” नाव सांगावं लागत नाही. शेवटचा प्रश्न मात्र विसरू नका. अनोळखी जिना एकट्यानं चढणं फार जड जातं. खाली रस्त्यावर कुणी उभं असेल तर पाय वर जातात. एएमध्ये नव्या माणसाला घ्यायला येणं हे ओझं मानत नाहीत. जुन्या माणसांच्या स्वतःच्या सोडण्याला त्याचाच आधार असतो.

यामागे एक खरी गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगायलाच हवी. १९३५ सालचा मे महिना. अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी बिल नावाचा शेअर बाजारातला एक माणूस धंद्याच्या कामाला आला होता. सौदा फिसकटला. पिणं सुटून त्याला जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता, दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि शेजारी गावातल्या चर्चची यादी. आपण आता एकटे राहिलो तर पिणार, हे त्याला कळून चुकलं. त्यानं यादीतल्या पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली: मला या गावातला एखादा दारूनं गांजलेला माणूस गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचं आहे. अशा फोनाफोनीतून त्याची गाठ पडली एका सर्जनशी, त्यांना आज सगळे डॉ. बॉब म्हणून ओळखतात. डॉक्टर पंधरा मिनिटंच थांबणार होते, बोलणं काही तास चाललं. नंतर एकदा ते पुन्हा घसरले. मग १० जून १९३५ ला त्यांनी शेवटची घेतली आणि तोच दिवस एएचा स्थापनादिन मानतात. भारतात एए १९५७ साली आलं. म्हणजे भाऊ, ज्या फोनची तुम्हाला भीती वाटते, तसल्याच एका फोनातून हे सगळं उभं राहिलं. आणि तो फोन करणारा उपकार करायला निघाला नव्हता, स्वतः वाचायला निघाला होता.

ओळख निघेल ही भीती. सोलापूर काही मुंबई नाही, खरंच आहे. कन्ना चौकात शिंकलं तर अशोक चौकात ऐकू जातं. एएमध्ये आडनाव विचारत नाहीत, रजिस्टर नसतं, आधार कार्ड मागत नाहीत. तिथे कोण भेटलं आणि काय बोललं हे बाहेर न्यायचं नाही, ही त्यांची परंपरा आहे आणि तिथली माणसं ती जिवापाड पाळतात, कारण प्रत्येकाचंच झाकलेलं असतं. तरी ती परंपरा आहे, कायदा नाही. म्हणून शंभर टक्के हमी मी देणार नाही. पहिल्यांदा पूर्व भागातला गट नको वाटला, तर जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड अशा लांबच्या बाजूला कुठला गट जमतो का ते फोनवर विचारा. कुठल्याही गटात जायला मोकळीक असते, हद्दीचं बंधन नाही.

आणि मालकाचं म्हणाल, तर सकाळी दोन घोट घेतल्याशिवाय जॉबरच्या हातात पाना ठरत नाही, हे खात्यातल्या कामगारांना कळलेलं नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? वास आणि डोळे लपत नाहीत. चालत्या मागाजवळ कापत्या हातानं जाणारा माणूस मालकाला कधीच दिसलेला असतो. त्याच्या कानावर नवीन गेलंच, तर हा माणूस उपचार घेतोय एवढंच जाईल.

आत गेल्यावर काय होतं? मी ओपन मीटिंगांना बसले आहे. ओपन म्हणजे घरच्यांना, माझ्यासारख्या बाहेरच्यांनाही येता येतं. क्लोज्ड म्हणजे फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. तुम्हाला दोन्ही मोकळ्या आहेत. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, भिंतीला लावलेला बारा पायऱ्यांचा (दारूपासून दूर राहायची एएची वाट) तक्ता, तास-दीड तासाचा कार्यक्रम. सुरुवातीला एक जण एए म्हणजे काय ते वाचून दाखवतो. मग एकेक जण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो, “मी अल्कोहोलिक आहे” म्हणतो आणि स्वतःचं सांगतो: आधी काय होतं, काय घडलं, आता कसं आहे. कुणी कुणाला उपदेश करत नाही, मध्ये तोडत नाही, वाद घालत नाही. याला ते शेअरिंग म्हणतात. एकदा पहिल्यांदाच आलेल्या एका माणसाला चहा देताना मी पाहिलं. सगळ्यांचे कप भरलेले आणि त्याचा अर्धाच. मला वाटलं चहा संपला. नंतर लक्षात आलं, देणाऱ्यानं त्याच्या हातांकडे बघून कप अर्धा भरला होता, सांडून शरमिंदा होऊ नये म्हणून. थोड्या वेळानं कुणी न बोलता उरलेला अर्धा आणून दिला. एवढं बारीक ज्याला सुचतं, तो स्वतः त्या खुर्चीवर बसून गेलेला असतो.

तुम्हाला बोलावं लागणार नाही. “मी आज फक्त ऐकतो” म्हटलं की झालं. पुढे कधी बोलावंसं वाटलं तर तेलुगू मिसळलेल्या मराठीत बोला, हिंदीत बोला. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच बाकावर बसतात, भाषेवरून इथे कुणी कुणाचं तोंड बघत नाही. फी नसते. शेवटी खर्चासाठी पिशवी किंवा डबा फिरतो, ज्याला वाटेल तो दहा-वीस रुपये टाकतो आणि नव्या माणसाला तर टाकू नका असंच बहुतेक सांगतात. बाहेरच्या कुणाकडून ते देणगी घेत नाहीत, त्यामुळे कुठल्या पुढाऱ्याचा फलक नाही की हारतुरे नाहीत.

प्यालेल्याला हाकलतात का? नाही. सदस्य व्हायला अट एकच, दारू थांबवायची इच्छा. थांबवलेली असली पाहिजे अशी अट नाही. त्या दिवशी घेऊन गेलात तर शांत बसून ऐका म्हणतील, बोलायला देणार नाहीत, तेवढं ठीक आहे. फक्त मोटारसायकलवर जाऊ नका. रिक्षा करा किंवा भावाला सोडायला सांगा.

आईंच्या माळेबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. माळ घालून दारू सुटलेली माणसं मी स्वतः ओळखते आणि त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. पण ज्यांची टिकली त्यांच्याकडे नीट पाहा. ते माळ घालून घरी एकटे बसले नाहीत. एकादशीच्या भजनाला गेले, दिंडीत चालले, संध्याकाळी दारूच्या वेळेला टाळ हातात घेऊन चार माळकऱ्यांत बसले. नाही आले तर घरी येऊन चौकशी करणारं कुणी होतं. माळेबरोबर संगत आली, म्हणून टिकली. ज्यांनी नुसती माळ घातली आणि संध्याकाळ तीच, मित्र तेच, रस्ता तोच ठेवला, त्यांची तुटली. मग वर पाप केल्याची बोच, आणि ती बोच बुडवायला आणखी दारू. तुमची तब्येत सावरू द्या, मग आषाढीला आईंबरोबर जा आणि माळ घालावीशी वाटली तर जरूर घाला. एएच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, पण आपल्याला जसा समजला तसा देव, असे शब्द आहेत. तो तुमचा विठ्ठल असू शकतो, मार्कंडेय असू शकतो, न मानणाऱ्याला तो गटच असू शकतो. माळ आणि मीटिंग यांच्यात निवड करायची वेळ येत नाही. फक्त आषाढीपर्यंत थांबू नका.

पहिली मीटिंग आवडेलच असं नाही. एखादा गट म्हाताऱ्यांचा वाटेल, एखादा कंटाळवाणा, एखाद्यात कुणी फारच लांबण लावेल. म्हणून एका मीटिंगवरून ठरवू नका. नव्या माणसानं ९० दिवसांत ९० मीटिंग कराव्यात अशी एएमध्ये जुनी पद्धत आहे. बारा तासांची पाळी करणाऱ्याला ते कठीण, मला मान्य आहे. मग जितक्या जमतील तितक्या प्रत्यक्ष करा आणि उरलेल्या दिवशी मोबाईलवर. ऑनलाइन मीटिंगाही असतात, रातपाळीवाल्यांना त्या फार कामाला येतात. एक दिवस मात्र प्रत्यक्षच जा, तो म्हणजे हप्त्याचा. खिशात पैसे, अंगात थकवा आणि पाय सवयीच्या रस्त्यावर, आठवड्यातली सगळ्यात अवघड संध्याकाळ तीच. त्या दिवशी मीटिंग नसेल तर गटातल्या कुणाला तरी चहाला बोलवा आणि हप्ता बायकोच्या हातात जाईल अशी सोय करा. कारखान्यातून निघताना काहीतरी खाऊन निघा, पोटात भूक असली की ओढ दुप्पट होते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळा असं तिथले जुने लोक सांगतात, ते अगदी खरं आहे.

काही दिवस गेले की गटातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा, माझे स्पॉन्सर व्हाल का? स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा नव्हे. रात्री अकरा वाजता ओढ लागली तर ज्याला फोन करायचा तो माणूस. फोन करायचा तो पहिला घोट घेण्याआधी. पुढच्या वरातीच्या आधी तर करायचाच, आणि वरातीत जायचं की नुसतं अक्षता टाकून यायचं, हे त्याच्याशी बोलून ठरवायचं. पाहुणे नाराज झाले तर होऊ द्या.

या सगळ्याचा खरंच उपयोग होतो का, असं तुमच्या मनात येईल. कॉक्रेन नावाची संस्था जगभरच्या वैद्यकीय अभ्यासांची काटेकोर छाननी करते. २०२० मध्ये तिनं २७ अभ्यास, १०,५६५ माणसं, असा आढावा प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की माणसाला एएशी नीट जोडून देणारे उपचार पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस ठरले. सगळ्यांची सुटते असं कुठलाच अभ्यास म्हणत नाही. डॉक्टरांची औषधंही चालूच ठेवायची. मीटिंगमध्ये कुणी गोळ्या बंद करा म्हणालं, तर त्याचं ऐकू नका. तो विषय डॉक्टरांचा.

आता बायकोविषयी. हात उचलल्याचं तुम्ही लिहिलंत, लाज वाटते म्हणालात. नुसत्या लाजेनं तिचं भागत नाही. दारू सुटेल तेव्हा सुटेल, पण हात आजपासून उठता कामा नये, आणि पुन्हा तसं झालं तर तिनं १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा, हे तुम्ही स्वतः तिला सांगा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण तिला आहे. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल माया आहे, म्हणूनच मी हे इतकं उघड लिहितेय.

तिच्यासाठीही वेगळ्या मीटिंगा असतात. पिणाऱ्यांच्या घरच्यांची अल-अनॉन नावाची संघटना १९५१ पासून आहे, सुरुवात करणाऱ्यांत बिलची बायको लोईस होती. दिवसभर विड्या वळायच्या, संध्याकाळी दाराकडे डोळे लावायचे आणि रात्री खिसे तपासायचे, असं जगणाऱ्या बायकांना तिथे एकमेकींशी बोलता येतं. तुम्ही एएला फोन कराल तेव्हाच विचारा की घरच्यांची मीटिंग कुठे असते. नाही जमलं तर ओपन मीटिंगला तिला बरोबर न्या. मन फारच खचलं तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

पावडरीवरून तिच्यावर रागावू नका. ती हताश होऊन केलेली गोष्ट आहे, आणि ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती बघून कितीतरी बायका हेच करतात. पण पुन्हा कधीही नाही. अशा पुड्यांत काय असतं ते पुडीवर खरं लिहिलेलं असतंच असं नाही. त्यात डायसल्फिराम नावाचं औषध असेल आणि ते पोटात असताना दारू घेतली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि क्वचित जीवही जातो. डॉक्टर ते औषध देतात, पण तपासण्या करून, माणसाला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीनं, दारू बंद झाल्यावर. उरलेली पुडी घरात असेल तर फेकून देऊ नका. कागदासकट सिव्हिलला घेऊन जा आणि कधी घातली, किती घातली, त्यानंतर काय झालं, हे डॉक्टरांना तिलाच सांगू द्या.